प्रकाशाने वळणारा रेणू : डोळ्यात, पाळण्यात आणि शेतात

सायंकाळची वंदना आटोपते, मुले पुस्तके उघडून बसतात आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. पहिला क्षण गडद काळोखाचा असतो. शेजारी बसलेला मित्रही दिसत नाही. मग हळूहळू खिडकीची चौकट उमटते, भिंतीवरची तसबीर ओळखू येते आणि पंधरा-वीस मिनिटांनी चांदण्याच्या उजेडात अंगणातील झाडाच्या फांद्याही वेगवेगळ्या दिसू लागतात. बाहेरचा उजेड या वेळात वाढलेला नसतो. बदल घडतो तो डोळ्याच्या आत.

हा बदल घडविणारा एक लहानसा रेणू आहे. प्रकाश पडला की तो आपला आकार बदलतो, आणि त्या आकारबदलातून आपली दृष्टी सुरू होते. दिव्याच्या बटणाला जशा चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असतात, तशाच या रेणूलाही दोन अवस्था आहेत; म्हणून शास्त्रज्ञ अशा रेणूंना आण्विक कळ म्हणतात. अशीच कळ नवजात बाळाच्या काविळीवरील उपचारात वापरली जाते, आणि आपल्या हिंगणघाट परिसरातील सोयाबीनच्या पानातही अशीच एक कळ आहे. ती वळते कशी आणि कोणत्या कारणाने अडते, हे समजून घेणे केवळ विज्ञानाच्या परीक्षेपुरते उपयोगाचे नाही. त्याच्याशी मुलांचे डोळे आणि बाळांचे प्राण निगडित आहेत.

दोन खिळ्यांची फळी

रेणू म्हणजे अणूंची जोडणी. कार्बनच्या दोन अणूंमध्ये एकेरी बंध असेल, तर ती जोडणी एका खिळ्याने ठोकलेल्या दोन फळ्यांसारखी असते. एक फळी दुसरीभोवती सहज फिरू शकते. दुहेरी बंध म्हणजे दोन खिळे. आता फळी फिरत नाही. ती ज्या स्थितीत ठोकली त्याच स्थितीत राहते.

त्यामुळे दुहेरी बंध असलेल्या रेणूचे दोन आकार संभवतात. बंधाच्या दोन्ही टोकांचे मोठे भाग एकाच बाजूस असतील, तर त्या आकाराला सिस म्हणतात. विरुद्ध बाजूंस असतील, तर ट्रान्स. अणू तेच आणि तेवढेच, तरीही पहिला आकार वाकलेला आणि दुसरा बराचसा सरळ असतो.

एका आकारातून दुसऱ्यात जायचे, तर एक खिळा क्षणभर सैल झाला पाहिजे. हे काम प्रकाश करतो. प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या कणांनी बनलेला असतो. त्यांना फोटॉन म्हणतात. योग्य ऊर्जेचा एक फोटॉन रेणूने शोषला की दुहेरी बंधाची पकड सुटते, रेणूचा अर्धा भाग वळतो आणि बंध पुन्हा घट्ट होतो. मात्र कोणताही प्रकाश चालत नाही. जो रंग रेणू शोषू शकतो, त्याच रंगाचा प्रकाश त्याला वळवू शकतो. ही गोष्ट पुढे वारंवार उपयोगी पडेल.

डोळ्यातील कळ

आपल्या प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. अंधूक उजेडात पाहण्याचे काम त्या करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य ठासून भरलेले असते. १८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ बोल यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा तांबूस-जांभळा रंग उजेडात उडून जाताना पाहिला. हा रंग ऱ्होडॉप्सिनचाच होता.

ऱ्होडॉप्सिनचे दोन भाग आहेत. एक मोठे प्रथिन, आणि त्याच्या पोकळीत बसलेला रेटिनल नावाचा लहान रेणू. रेटिनल हा २० कार्बन अणूंचा आहे. अंधारात तो अकराव्या कार्बनपाशी वाकलेला असतो आणि त्या वाकलेल्या आकारामुळेच पोकळीत नीट सामावतो. फोटॉन शोषताच तो सरळ होतो. एका सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाएवढ्या वेळात ही घटना पूर्ण होते. सरळ झालेला रेटिनल त्या पोकळीत मावत नाही; तो प्रथिनाला रेटतो, प्रथिनाचा आकार बदलतो, त्यातून पेशीतील पुढची रसायने जागी होतात आणि अखेर मेंदूकडे संदेश जातो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील दंडपेशी एका फोटॉनलाही प्रतिसाद देऊ शकते, एवढी ही योजना सूक्ष्म आहे. दुसरीकडे, अंधारात हा रेणू उगाच वळत नाही. ऱ्होडॉप्सिनचा एक रेणू प्रकाशाशिवाय आपोआप पलटायला सरासरी शेकडो वर्षे लागतील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

हा शोध एका व्यक्तीचा नाही. जॉर्ज वॉल्ड यांना १९३३ साली दृष्टिपटलात जीवनसत्त्व अ आढळले. पुढे त्यांच्या सहकारी रूथ हबर्ड यांनी, प्रकाशाचे काम केवळ रेटिनलला वाकलेल्या आकारातून सरळ आकारात नेण्याचे आहे, हे प्रयोगाने दाखविले. १९६७ साली वॉल्ड यांना अन्य दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पुरस्कार मिळाला. हबर्ड यांचे नाव त्यात नव्हते. परंतु या विषयाची मांडणी त्यांच्या प्रयोगांवाचून पुरी होत नाही.

सरळ झालेला रेटिनल प्रकाशाच्या पुढच्या कणासाठी निरुपयोगी असतो. तो प्रथिनापासून सुटतो, शेजारच्या पेशींच्या थरात जातो, तेथे त्याला पुन्हा वाकविले जाते आणि मग तो परत जागेवर बसतो. या फेऱ्याला वेळ लागतो. दिव्याच्या लख्ख उजेडात दंडपेशींतील पुष्कळ रेटिनल सरळ झालेला असतो. वीज गेल्यावर प्रथम काही न दिसणे आणि मग हळूहळू दिसू लागणे, यामागे मुख्यतः हे कारण आहे. कळी पुन्हा ताणून ठेवण्याचे काम त्या वेळी डोळ्यात चाललेले असते.

रातांधळेपणाचे खरे कारण

या फेऱ्यात काही रेटिनल वाया जातो आणि तेवढा नव्याने लागतो. शरीर तो स्वतः शून्यातून घडवू शकत नाही. तो जीवनसत्त्व अ पासून तयार होतो, आणि जीवनसत्त्व अ अन्नातूनच यावे लागते. दूध, अंडी आणि यकृत यांत ते तयार स्वरूपात असते. हिरव्या पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, पपई आणि पिकलेला आंबा यांत बीटा-कॅरोटिन असते. हा ४० कार्बनचा लांब रेणू शरीरात बरोबर मध्यावर तोडला जातो आणि २० कार्बनचे रेटिनलचे दोन रेणू मिळतात. वसतिगृहाच्या ताटातील पालक, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी अशा रीतीने डोळ्यापर्यंत पोहोचते. तिला तेलाची फोडणी हवी, कारण कॅरोटिन स्निग्ध पदार्थाबरोबरच चांगले शोषले जाते.

पुरवठा तुटला की पहिला परिणाम दंडपेशींवर दिसतो. मूल दिवसा नीट खेळते, परंतु दिवेलागणीनंतर ठेचाळते, भिंत चाचपडते, ताटातला घास शोधते. हाच रातांधळेपणा. याकडे दुर्लक्ष झाले, तर डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, पुढे बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ होऊन फुटू शकतो आणि मग गेलेली दृष्टी परत येत नाही. गरीब वस्त्यांतील कित्येक मुलांनी अशी दृष्टी गमावली आणि घरच्यांनी ते नशिबाचे भोग किंवा कोणाची तरी दृष्ट म्हणून सोसले. वास्तविक कारण ताटात होते, आणि इलाजही ताटातच होता.

आपल्या गावाजवळून जाणारा महामार्ग नागपूरहून ज्या हैदराबादला जातो, तेथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाच्या आधारावर भारत सरकारने १९७० साली बालकांना जीवनसत्त्व अ चे मोठे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. यकृत हे जीवनसत्त्व काही महिने साठवून ठेवते, म्हणून डोस रोज द्यावा लागत नाही. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख एकक आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक, असे एकूण नऊ डोस दिले जातात. अंगणवाडीत चमच्याने पाजले जाणारे ते पिवळसर औषध कशासाठी असते, हे पालकांना माहीत असेल, तर एकही डोस चुकणार नाही. मात्र हे जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर झाल्यास अपायही होतो; म्हणून डोस आरोग्यसेविकेच्या हातूनच आणि नोंद ठेवूनच घ्यावा.

पाळण्यातील कळ

दुसरी कळ नवजात बाळाच्या रक्तात आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडतात, तेव्हा बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. मोठ्या माणसाचे यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पित्तावाटे बाहेर टाकते. नवजात बाळाचे यकृत या कामात अजून तयार झालेले नसते. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांपैकीही निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी दिसतात. बहुतेकांची ही कावीळ आपोआप ओसरते. परंतु काहींच्या रक्तात बिलिरुबिन फार वाढते आणि मेंदूत शिरते. तसे झाले, तर बाळ दगावू शकते, किंवा वाचले तरी बहिरेपण आणि हातापायांचा आयुष्यभराचा ताठरपणा मागे राहू शकतो.

बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, याचे कारण त्याचा आकार आहे. हा रेणू आढ्यावर पालथ्या घातलेल्या कवेलूसारखा मधोमध मुडपलेला असतो. पाण्याशी जुळणारे त्याचे भाग या घडीत एकमेकांना धरून आत दडलेले असतात. निळा प्रकाश पडला की त्यातील एक दुहेरी बंध वळतो. घडी उलगडते, दडलेले भाग उघडे पडतात आणि तोच रेणू आता पाण्यात विरघळू लागतो. यकृताच्या नेहमीच्या प्रक्रियेवाचून तो पित्तात उतरतो. काही रेणूंची रचना याहून अधिक व कायमची बदलते. ते पित्ताबरोबर लघवीवाटेही बाहेर पडतात. बिलिरुबिन पिवळे दिसते, कारण ते निळा प्रकाश शोषते. आणि जो रंग शोषला जातो तोच रेणूला वळवितो. म्हणून रुग्णालयातील ते दिवे निळे असतात. ते अतिनील किरणांचे दिवे नव्हेत.

या उपचाराचा उगम एका परिचारिकेच्या निरीक्षणात आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नवजात बाळांना मोकळ्या हवेत, उन्हात नेत असत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखविले. त्याच्या अंगाचा उघडा भाग उजळला होता आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळा राहिला होता. पुढे, खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिन घटल्याचेही तेथे आढळले. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवे बसवून पद्धतशीर प्रयोग केले आणि १९५८ साली ते प्रसिद्ध केले. आज हा उपचार जगभर होतो. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी बाळाला ‘लाईटखाली ठेवतात’ तो हाच. त्या वेळी बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, कारण तो प्रखर प्रकाश नाजूक दृष्टिपटलाला अपायकारक ठरू शकतो.

आपल्या भागात आजही कावीळ ‘उतरविली’ जाते, गळ्यात माळ घातली जाते. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप ओसरणारी असल्यामुळे माळेचा गुण आला असे वाटते. ज्या बाळाला खरा धोका असतो, त्याचे मोलाचे तास मात्र त्यात जातात. कोवळ्या उन्हात धरणे हाही या उपचाराचा पर्याय नव्हे. उन्हातून किती निळा प्रकाश मिळाला हे मोजता येत नाही आणि उघडे बाळ तापते किंवा गारठते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत बाळ पिवळे दिसले, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेतातील कळ

बिलिरुबिनचा एक जवळचा नातलग प्रत्येक हिरव्या पानात असतो. तोही चार कड्यांचा लांबट रेणू आहे आणि तो एका प्रथिनाला जोडलेला असतो. या जोडीला फायटोक्रोम म्हणतात. तांबडा प्रकाश पडला की त्यातील दुहेरी बंध वळतो आणि वनस्पतीला दिवसाची खबर मिळते. त्याहून गडद, डोळ्याला जेमतेम दिसणारा तांबडा प्रकाश पडला, तर तो उलट वळतो. अंधारातही तो सावकाश मूळ आकाराकडे परततो. हा रेणू आणि वनस्पतीचे आंतरिक घड्याळ मिळून रात्रीची लांबी मोजतात.

सोयाबीनला फुलोरा येण्यासाठी पुरेशी लांब, अखंड रात्र लागते. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी सोयाबीनचे एक वाण निरनिराळ्या तारखांना पेरले, तरी ते जवळजवळ एकाच सुमारास फुलले; त्यावरून १९२० साली त्यांनी दिवस-रात्रीच्या लांबीचा हा नियम मांडला. रस्त्यावरच्या दिव्याखालील सोयाबीन, बाकीचे शेत पिवळे पडून कापणीला आले तरी हिरवेच राहते, ते याच कारणाने. मातीला किंवा खताला दोष देण्यापूर्वी वरच्या दिव्याकडे पाहावे. वखर फिरवून माती उलटली की तणाचा नवा फेर उगवतो, त्यामागेही काही अंशी हीच कळ आहे. कित्येक तणांच्या गाडलेल्या बियांना उगवण्यासाठी क्षणभराचा प्रकाश पुरतो.

माणसाने घडविलेल्या कळी

निसर्गातील ही युक्ती रसायनशास्त्रज्ञांनीही आत्मसात केली. अॅझोबेन्झिन हे रंगद्रव्य एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. प्रकाशाने त्याचा सरळ रेणू वाकतो, हे १९३७ साली हार्टली यांनी दाखविले. नेदरलँड्समधील बेन फेरिंगा यांनी १९९९ साली प्रकाशावर एकाच दिशेने गोल फिरत राहणारा रेणू घडविला. आण्विक यंत्रांच्या कामासाठी २०१६ चा नोबेल पुरस्कार त्यांना अन्य दोघांसह मिळाला. ज्यांच्या प्रकाशसंवेदी पेशी नष्ट झाल्या आहेत, अशा रुग्णांच्या डोळ्यात कृत्रिम कळीचे रेणू घालण्याच्या प्राथमिक चाचण्याही सुरू झाल्या आहेत.

उन्हात काळा होणारा चष्मा आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. त्याच्या काचेतील रेणूचे एक कडे अतिनील किरणांनी उघडते आणि रंग येतो. सावलीत उष्णतेच्या योगाने ते पुन्हा मिटते. म्हणूनच विदर्भातल्या मे महिन्याच्या कडक उन्हात असा चष्मा थंडीतल्याएवढा गडद होत नाही: प्रकाश कडे उघडीत असतो आणि उष्णता ते भराभर मिटवीत असते. चष्मा बिघडलेला नसतो.

अनेक प्रत्ययांचा मेळ

आचार्य बुद्धघोष यांनी पाचव्या शतकात रचलेल्या विसुद्धिमग्गात चक्षुविज्ञानाच्या उत्पत्तीचे चार प्रत्यय सांगितले आहेत : चक्षू, रूप, आलोक आणि मनसिकार, म्हणजे डोळा, दृश्य वस्तू, प्रकाश आणि अवधान. याचा अर्थ त्यांना रेटिनल ठाऊक होता, असा कोणी काढू नये. तसे म्हणणे विज्ञानाचा आणि धम्माचाही अनादर ठरेल. परंतु कोणतीही घटना एकाच कारणाने किंवा कोणाच्या मर्जीने घडत नसून अनेक प्रत्ययांच्या मेळातून घडते, ही प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी या विषयाला नेमकी लागू पडते. प्रकाश भरपूर आहे, पण ताटात भाजी नाही, तर मूल संध्याकाळी ठेचाळणारच. निळा दिवा रुग्णालयात आहे, पण बाळ माळ घालून घरीच आहे, तर त्या दिव्याचा उपयोग नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण आज शिक्षक, परिचारिका, शेतकरी आणि मुख्य म्हणजे आई-वडील आहेत. दिवेलागणीला चाचपडणारे मूल दिसले, पिवळे पडलेले बाळ दिसले, तर नेमका कोणता प्रत्यय कमी पडतो आहे, हे ओळखून तो पुरविणे त्यांच्या हाती आहे. मुलाला पालेभाजी आणि डोस मिळावा, बाळाला त्याच दिवशी दवाखाना मिळावा. पुढचे काम प्रकाश आणि तो रेणू करतील.